असलं पिवळं कुठं असतं?

"ताई, असलं पिवळं कुठं असतं का?"

भरल्या सभागृहात माझ्या फोटोवर पेन रोखून परीक्षकांनी विचारलं. मी म्हणाले, "जेजुरीत असतं, सर." मागची चार माणसं हसली. ते हसले नाहीत. फोटोखालचं माझ्या नावाचं कार्ड त्यांनी उपसलं, त्यावर 'रंग वाढवला, बाद' असं लिहिलं, परत टाचलं आणि पुढच्या फोटोकडे वळले. दोन दिवस प्रदर्शन चाललं. दोन्ही दिवस ते कार्ड तसंच होतं. गोष्ट जुनी झाली, तरी त्या सभागृहावरून एसटी जाते तेव्हा मी अजून मान दुसरीकडे फिरवते.

मी सासवडची, शाळेत गणित शिकवते. भिशीचा नंबर लागला त्या महिन्यात निकॉनचा डी ५६०० घेतला. त्याच्यासोबत मिळाली ती १८-५५ची लेन्स, दुसरी नाही.

फोटो होता १३ नोव्हेंबर २०२३ च्या सोमवती अमावस्येचा. दिवाळीची सुट्टी होती. खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेच्या स्नानाला निघते, तेव्हा भंडार-खोबरं इतकं उधळतात की पायऱ्या, दीपमाळा, माणसं यांत फरक उरत नाही. त्या गर्दीत एक म्हातारे वाघ्या उभे होते. हातात कोटंबा, चेहरा भंडाऱ्यानं लिंपलेला, आणि घामाच्या वाटांतून खालची सावळी कातडी दिसत होती. त्यांच्या कपाळाच्या वीतभर वर खोबऱ्याचा एक तुकडा हवेत थांबलेला. तो तुकडा मला मिळाला होता.

तो नशिबानं मिळालेला नव्हता, म्हणून तर इतकं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आणि जुलैत अशा दोन सोमवत्या मी वाया घालवल्या होत्या. पहिल्या वेळी सगळे फोटो मळकट तपकिरी आले. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. उन्हात पेटलेली हळद दिसली की त्याला उजेड जास्त झालासा वाटतो, तो कमी करतो, आणि सोन्याची माती होते. तेव्हा एक्स्पोजर आपण होऊन थोडं चढवायचं असतं, मी ०.७ ठेवलं. दुसऱ्या वेळी फोकस चेहऱ्यावर न बसता मधल्या उडत्या भंडाऱ्यावर बसत गेला. मग घरी अंगणात मुलीला मुठीनं कोंडा उडवायला लावला आणि एकच फोकसबिंदू डोळ्यावर धरून सराव केला. १/५०० ला कोंड्याच्या रेघा येत होत्या, १/१२५० ला कण सुटे दिसू लागले. व्हाइट बॅलन्सही आपोआप ठेवला नाही. आपोआप ठेवला की कॅमेरा एवढा पिवळा बघून उजेडच पिवळा आहे असं समजतो आणि त्यात निळं मिसळतो, मग भंडारा फिकट पडतो. मी तो उन्हाच्या खुणेवर बांधून टाकला होता. कित्येक महिने हेच चाललं होतं. आणि एका माणसानं अर्ध्या मिनिटात ते कार्डावर निकालात काढलं.

"रॉ फाइल दाखवा," असं मात्र ते म्हणाले होते. रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची, मूळ नोंद. ती माझ्याकडे नव्हती. कॅमेरा घेताना दुकानदारानं सांगितलं होतं, रॉ कशाला, कार्ड लगेच भरतं. मी नुसत्या जेपेगवर काढत होते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. माझ्याच कॅमेऱ्याच्या चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. गणिताच्या बाईला हे ठाऊक नसावं याची खंत वाटते, पण ठाऊक नव्हतं. मी त्यांना म्हणाले, "सर, मी या फोटोला संगणकावर हातही लावलेला नाही." ते खरं होतं. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

रागाच्या भरात मी वाचत सुटले. २००९ साली डेन्मार्कच्या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत हैतीतले फोटो याच कारणानं बाद झाले होते: रॉ फाइल मागवली, शेजारी ठेवली, आणि रंग फार ताणलेले दिसले. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटोत अंतिमच्या आधीच्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी सुमारे वीस टक्के फोटो फेरफारामुळे गळाले होते. म्हणजे मूळ फाइल मागण्यात काही चूक नव्हती. चूक आधी निकाल लिहून मग फाइल मागण्यात होती. कुणी परीक्षक हे वाचत असेल तर कळकळीनं सांगते: आधी विचारा. समोरच्याला दोन दिवस द्या. शंका असेल तर बाजूला घेऊन बोला. हौशी माणूस नोकरी, स्वयंपाक, म्हातारी माणसं सांभाळून पहाटे उठून उभा असतो. त्याला खोटं ठरवणं फार सोपं आहे.

मी आयोजकांना पत्र लिहायला बसले. पुरावा म्हणून फोटोसोबत नोंदलेली माहिती जोडावी म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो उघडला आणि एकेक पान पुढे ढकलत गेले. शटर १/१२५०. छिद्र ५.६. एक्स्पोजर +०.७. आणि पिक्चर कंट्रोल: व्हिविड.

व्हिविड म्हणजे भडक. हे मी कधी लावलं, की मुलीच्या हातून खेळताना लागलं, आठवत नाही. पण कॅमेऱ्यानं जेपेग तयार करतानाच रंग चढवले होते. मी हात लावला नव्हता, तरी रंग वाढलेला होता.

पत्र राहिलं. दोन आठवडे मी कॅमेरा कपाटातून काढला नाही.

मग हळूहळू डोक्यात आलं की स्टँडर्ड लावला असता तरी रंग कॅमेऱ्यानंच ठरवला असता. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची गाळणी असते: निम्म्यांवर हिरवी, पाव हिश्शावर लाल, पाव हिश्शावर निळी. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या मांडणीचं पेटंट मिळालं, तीच ही. माझ्या कॅमेऱ्यात दोन कोटी चाळीस लाख बिंदू आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबानं काढलेले असतात. भंडाऱ्याचा पिवळा कॅमेरा कधी 'बघतच' नाही. लाल आणि हिरवा मोजून तो पिवळा मांडतो. हे कळल्यावर परीक्षकांवरचा राग उतरायला हवा होता. काही दिवस उतरलाही. पण ते कार्ड आठवलं की तो पुन्हा चढतो, आणि तो चुकीचा आहे असं मला अजून वाटत नाही.

२ सप्टेंबर २०२४ च्या सोमवतीला रजा टाकून गेले. रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवलं, पिक्चर कंट्रोल न्यूट्रल. कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी आणि रबर. भंडाऱ्यात लेन्स बदलू नये, आणि काचेवर हळद बसली तर पदरानं पुसू नये. आधी फुंकणीनं उडवावी, मग मऊ ब्रश, नाहीतर कणांचे ओरखडे पडतात. म्हातारे वाघ्या दिसले नाहीत. दोन-तीन जणांना विचारलं, कुणाला नक्की सांगता आलं नाही. त्यांच्यासाठी नेलेली फोटोची प्रत पिशवीत तशीच परत आली.

रात्री रॉ फाइल उघडून सासूबाईंना दाखवली. त्यांचा जन्म गडाखालचा. चष्मा लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बेसन वाटतंय गं. आपला भंडारा असा न्हाई." मग मी जुना, बाद झालेला फोटो दाखवला. "हां, ह्यो."

मी रंगाची पट्टी थोडी पुढे सरकवली, पुन्हा मागे आणली. शेवटी देव्हाऱ्यातली डबी आणली, चिमूटभर भंडारा पांढऱ्या कागदावर ठेवला आणि कागद पडद्याशेजारी धरला. ट्यूबलाइटखाली तो हिरवट दिसत होता. सकाळी कागद गच्चीवर नेला, तर उन्हात तो दोन्ही फोटोंपेक्षा वेगळा होता. मी कॅमेरा आणायला खाली आले.