सरकारी खुर्चीवरची जप्ती

भूसंपादनाचा मोबदला थकला म्हणून असिस्टंट कमिशनरच्या कचेरीतल्या खुर्च्या, संगणक, जीप जप्त करायला कोर्टाचा बेलिफ आला, अशी बातमी कर्नाटकात अधूनमधून येतेच. मी त्यावर हसत असे. खुर्च्या विकून किती पैसे येणार? आणि जीप तरी कोणाची, आपल्याच करातून घेतलेली. निकाल दिला की कोर्टाने बाजूला व्हावं, असं माझं स्पष्ट मत होतं. ते आता पालटलं आहे.

आमच्या जोयडा तालुक्यात भूसंपादन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, तालुक्याचं ठिकाण असलेलं सुपा पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या, उठवलेली कितीतरी घरं रामनगरला गेली. खाली किनाऱ्यावर सीबर्ड नौदल तळासाठी कारवार-अंकोल्यातली गावं उठली; तिथले वाढीव मोबदल्याचे दावे दशकानुदशकं चालले.

१८९४च्या कायद्यात कोर्टाने वाढवून दिलेला मोबदला हा हुकूमनामाच धरला जाई. तरी सरकारने पैसे भरले नाहीत की शेतकऱ्याने अंमलबजावणीसाठी पुन्हा दरखास्त लावायची. मला हलवलं ते याच कायद्याच्या २८व्या कलमाने. वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज लावता येई. लाखभर रुपये वीस वर्षं थकले, तर व्याजच २ लाख ९४ हजार! जीप जप्त झाली म्हणून जनतेचं नुकसान होतं असं म्हणणारा मी, हा आकडा कधी मांडलाच नव्हता.

दुसरीकडे शेतकरी स्वतः ऋणको असतो तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६०वं कलम त्याची अवजारं, बैल, बियाणं, राहतं घर, स्वयंपाकाची भांडी जप्तीतून वगळतं. हे लाड मला खुपत. कायदा सर्वांना सारखा हवा ना! पण १९८०च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोजमाप घालून दिलं आहे: ऐपत नसलेल्याला केवळ कर्जापायी तुरुंगात घालायचं नाही, ऐपत असून बुडवणारा वेगळा. या मोजमापाने सर्वांत निगरगट्ट ऋणको कोण? ज्याच्याकडे तिजोरी आहे तोच. ग्रीसच्या हॉर्न्सबी खटल्यात, १९९७ साली, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही सांगितलं की निकालाची अंमलबजावणी हा खटल्याचाच भाग आहे. तिथेही निकाल न पाळणारं सरकारच होतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा म्हटलं. २०२५मध्ये देशभरात आठ लाखांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचं त्याच न्यायालयापुढे आलं.

एक गोष्ट मात्र अजून पटत नाही. खुर्ची जाते ती इथल्या कचेरीतली. पैसे मंजूर करणारी फाइल बंगळुरूत असते. तिथल्या साहेबाला त्या खुर्चीचं काय? संपादन करणाऱ्या खात्याची रक्कम बँकेत असेल तर कोर्टाने थेट तिलाच हात घालावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकविसाव्या ऑर्डरमध्ये बँकेकडचे पैसे जप्त करायची सोय आहेच.