उपासाचं आरारूट

आईची एकादशी मक्याने मोडली, याचा राग अजून जात नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘आरारूट पावडर’. आईने वड्या करायला घेतल्या, तर मिश्रण शिजूनही पांढुरकंच. “आपली तवकीर कशी शिजली की काचेसारखी होते, हे तसलं नाही गं,” ती म्हणाली. पण वड्या खाऊन झाल्यावर मी पाकीट उलटून पाहिलं. घटकपदार्थ : मेझ स्टार्च. तेही मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत.

मी तडक दुकानात. दुकानदार म्हणाला, “ताई, सगळे हेच नेतात.” मी मागची ओळ दाखवली. “मग लिहिलंय की त्यांनी!” यावर काय बोलणार? लिहिलं होतं खरंच. वर उदारपणे म्हणाला, “दुसऱ्या कंपनीचं देतो बदलून.” ते उलटून पाहिलं, तर त्यातही मकाच. आणि शेजारच्या फळीवर हाच मका कॉर्नफ्लॉवर म्हणून स्वस्तात मांडलेला! उपासाला धान्य चालत नाही, हे पाकीट भरणाऱ्याला माहीत नसेल?

खरं आरारूट तर आमच्या गॅलरीतच आहे. हिरव्या पानांवर पांढरे पट्टे, नर्सरीत शोभेचं झाड म्हणून मिळतं. मूळचं उष्ण अमेरिकेतलं. कॅरिबियनमधलं सेंट व्हिन्सेंट बेट त्याच्या पिठासाठी प्रसिद्ध. कुंडीतल्या कंदांचं पीठ निघून निघून किती निघणार? आईच्या माहेरी, कोकणात, परसात तवकीर असायची. पानं पिवळी पडली की कंद खणायचे, साल खरवडायची, वाटून पाण्यात कालवायचं, फडक्यातून गाळायचं. तळाशी साका बसला की वरचं पाणी ओतून पुन्हा नवं. असं कितीदा तरी, मग उन्हात वाळवण. एवढं करून टोपलीभर कंदांचं पीठ डब्याच्या तळाशी. महाग असणारच. मग महाग विका ना, नाव कशाला चोरता?

आई मात्र शांत. “साबुदाण्याचा कंदही तिकडूनच आला ना? तो चालतो, मग मक्यानेच काय घोडं मारलंय? मी काही जाणूनबुजून खाल्लं नाही.” मी स्वतः उपास करत नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घालायचा मला अधिकार नाही. उरलेलं पीठ तिने सुपात घालून संपवलंसुद्धा.

तुम्ही मात्र आरारूट घेताना पाकीट उलटून वाचा. मका लिहिलेला असेल तर ते कॉर्नफ्लॉवर आहे. त्याला आरारूटचे पैसे देऊ नका.