श्रीवर्धनच्या घरातली मागची खोली

माणगाव स्थानकावर उतरून एसटीने श्रीवर्धनला निघाले की म्हसळ्यापुढे रस्ता डोंगरातून वळणे घेत खाली उतरतो आणि सुपारीच्या वाड्या दिसू लागतात. पर्यटक समुद्रकिनारा पाहतात, पेशव्यांचे मूळ गाव म्हणून चार फोटो काढतात आणि हरिहरेश्वराकडे निघून जातात. मोहल्ल्यातून पायी चालणाऱ्याला मात्र वेगळे गाव दिसते. जांभ्याच्या चिऱ्यांची, मंगलोरी कौलांची घरे. पुढे ओटी, मागे पडवी, त्यापलीकडे विहीर आणि वाडी. हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात होता. येथील अनेक घरांतले पुरुष आधी बोटीवर गेले, मग आखातात. त्या कमाईतून घरे मोठी झाली आणि त्याच कमाईमागे माणसे निघून गेली. आज बऱ्याच दारांना कुलूप आहे. ईदला आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती उघडतात, पुन्हा बंद होतात.

आमचे घरही त्यांतलेच. शाळेच्या नोकरीमुळे आम्ही पनवेलला राहतो, मुलगी लग्नानंतर कुवेतला असते. वडीलधारे गेले, भावाबहिणींचे हिस्से शरीअतप्रमाणे चुकते केले आणि घर आमच्या नावावर आले. दर उन्हाळ्यात कौले परतायची, वाळवी पाहायची, विहिरीतला गाळ काढायचा. आता हे झेपत नाही. घर विकायचे आम्ही ठरवले. शेजारच्या चाचांना आधी विचारले. त्यांची मुलेही परदेशात. ते म्हणाले, "माझ्याच घराला दिवा लावायला कोण उरणार आहे?"

मग एजंट आला. सगळे घर पाहून तो मागच्या खोलीत थांबला. ही आमच्या मुलीची खोली. खिडकीतून वाडी दिसते. एका भिंतीवर तिने लहानपणी पेन्सिलीने उजवीकडून अलिफ, बे, पे लिहीत आणले आहे आणि डावीकडून अ, आ, इ. दोन्ही लिप्या मधे एकमेकींना भिडल्या आहेत. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत. समोरच्या भिंतीवर, छताला लागून, हातभर रुंदीचा पिवळसर डाग आहे.

एजंट म्हणाला, "सर, मॅडम, घेणारा पुण्या-मुंबईचा असेल, होमस्टे काढेल. इथे प्लास्टिक रंग मारा, वर पीओपीचे छत बसवा. साठ हजार जातील, पण भावात दोन लाख जास्त मिळतील."

यावर आमच्यात दोन मते झाली. एकाचे म्हणणे, मुलीची आठवण आहे, भिंतीला हातच लावायचा नाही. दुसऱ्याचे म्हणणे, विकायचेच आहे तर घेणाऱ्याने आपली आठवण का सांभाळावी? दोन दिवस हाच विषय चालला. नंतर लक्षात आले की आम्ही अक्षरांच्या भिंतीवरून वाद घालत होतो. खरा प्रश्न समोरच्या भिंतीवर होता.

तो डाग २०२० सालचा. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. कौले पत्त्यांसारखी उडाली, सुपारीची झाडे काडीसारखी मोडून वाड्या भुईसपाट झाल्या. लॉकडाऊनचे दिवस, कौले नव्हती, कारागीर नव्हते, वीज नव्हती. पावसाळाभर त्या खोलीवर ताडपत्री होती. नंतर कौले बसवली, पण भिंतीच्या माथ्यावरचे दोन वासे भिजून कुजू लागले होते आणि तिथून दर पावसात थोडे पाणी उतरत राहिले. पीओपीच्या छताने नेमके हेच वासे झाकले गेले असते आणि रंगाने डाग. ओल्या जांभ्यावर प्लास्टिक रंग दिला तर आतली ओल बाहेर पडत नाही. रंगाला आधी फुगे येतात, मग पोपडे सुटतात. पण तोवर खरेदीखत झालेले असते.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात आणि आतले धान्य ओले लागते, हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. व्यापारी सांगतो की पावसाने भिजले. प्रेषितांचा प्रश्न असतो की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. आम्ही हा प्रसंग वर्गात कितीतरी वेळा सांगितला आहे. त्या व्यापाऱ्याचे धान्यही पावसानेच भिजले होते. धान्य भिजणे हा त्याचा दोष नव्हता, ते खाली दडवणे हा होता. देशाचा कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, नेहमीची काळजी घेऊनही खरेदीदाराच्या लक्षात येणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे.

त्या रात्री मुलीला फोन केला. वाटले होते, ती रडेल. ती म्हणाली, "अम्मी, भिंत रंगवा. येणाऱ्याला परक्याच्या खोलीत आल्यासारखे वाटू नये. मला फक्त दादीची रिहल पाठवा. आणि अब्बांना सांगा, ते वासे बदला. त्या खोलीत कुणाचे तरी मूल झोपेल."

आम्ही पावसाळा संपून भिंत सुकेपर्यंत थांबलो. दोन्ही वासे बदलले, रिपा बदलल्या, सुटलेला गिलावा काढून नवा केला आणि चुन्याचे दोन हात दिले. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो आणि पुन्हा कुठे पाणी उतरलेच तर लगेच दिसते. छत घातले नाही. वर पाहिले की नवे वासे कोणते आणि जुने कोणते, ते कुणालाही कळेल. चुना देण्याआधी चौकटीवरच्या रेघा, तारखांसह, काढलेल्या एका चांगल्या रिपेवर उतरवून घेतल्या. ती रीप आता पनवेलच्या घरात कपाटामागे उभी आहे. अक्षरांवर चुना फिरला तेव्हा आम्ही दोघेही बाहेर विहिरीपाशी जाऊन बसलो.

पहिले गिऱ्हाईक आले. २०२० सालचे सगळे सांगितले, वासे दाखवले. त्यांनी तिथेच दीड लाख कमी करून मागितले. आम्ही नाही म्हटले. एजंट चिडला. "सर, एवढे कुणी सांगते का?" घर अजून विकले गेलेले नाही. ईदनंतर दुसरे कुटुंब पाहायला येणार आहे; त्यांनाही तेच सांगू, इन्शाअल्लाह.

कोकणात आता अशी बरीच घरे विक्रीला निघतील आणि प्रत्येकात मुलांची एक मागची खोली असेल. रंग द्यायचा की नाही, हा प्रश्न आला की आधी रंगाऱ्याला नव्हे, मुलाला किंवा मुलीला विचारावे. आठवणीबद्दल त्यांचे मन आपल्यापेक्षा मोकळे असू शकते. मग खोलीत उभे राहून स्वतःला विचारावे: हा रंग भिंत स्वच्छ करण्यासाठी आहे की काही झाकण्यासाठी? स्वच्छ करण्यासाठी असेल तर खुशाल द्यावा. झाकण्यासाठी असेल तर डबा उघडू नये. दोन लाखांचा भाव चुकला तर चुकू दे, बरकत तरी आपल्या हातातून जाऊ नये.