दोन दिवसांचं कोल्हापूर आणि एका मुलाचा प्रश्न



"कोल्हापूरला येतोय, दोनच दिवस आहेत, काय काय बघायचं?" असा फोन आम्हा कोल्हापूरकरांना वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच. आणि आम्हीही लगेच सुरू होतो. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, खासबाग, टाऊन हॉल, मिसळ, तांबडा-पांढरा, चपला, गूळ... यादी थांबतच नाही. पाहुणा दोन दिवसांसाठी येतो आणि आपण त्याला आठवड्याचा अभ्यासक्रम देतो.

दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. नणंदेच्या कुटुंबाला एका दिवसात अकरा ठिकाणं दाखवली. मला फार अभिमान वाटला. संध्याकाळी त्यांच्या लहानग्याला गाडीत उलटी झाली. घरी आल्यावर मी हौसेने त्याला कागद-खडू दिले, "आज काय पाहिलंस त्याचं चित्र काढ" म्हटलं. त्याने काय काढावं? पार्किंग. चौकोन, चौकोन, चौकोन आणि प्रत्येकात एक गाडी. मी शिक्षिका असून धडा 'संपवायच्या' नादात मुलाला काही शिकूच दिलं नाही, हे त्या चित्राने मला दाखवलं.

म्हणून गेल्या डिसेंबरात माझी डीएड्ची मैत्रीण मुलाला घेऊन येणार म्हटल्यावर मी आधीच नियम केला. दिवसाला फक्त तीन ठिकाणं. आणि प्रत्येक ठिकाणी मुलांनी एक तरी प्रश्न वहीत लिहायचा. उत्तर मिळालं नाही तरी चालेल, प्रश्न पाहिजे.

मैत्रीण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत आहे. मुलगा चौथीत, आईच्याच शाळेत. एक किरकोळ रजा टाकून शुक्रवारी संध्याकाळी आंबा घाट चढून एसटीने दोघं आली. माझी मुलगी दुसरीत. तिला तर पाहुणे म्हणजे सणच.

शनिवार : पहाटेची अंबाबाई

पाहुण्यांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. अंबाबाईच्या देवळात पहाटे जा. नऊनंतर, त्यातून शनिवार-रविवारी, रांगेतच निम्मी सकाळ जाते. आम्ही साडेपाचला घाटी दरवाजाने आत गेलो. डिसेंबरची थंडी, पायाखाली गार फरशी, काळ्या दगडाचे खांब. मुलगी मध्येच म्हणाली, "आई, आपण पाहुणे आले की मगच इथं पहाटे येतो." खरं होतं. मी गप्प बसले.

इथे मुलांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे किरणोत्सव. देवीचं तोंड पश्चिमेला आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात आणि मूर्तीपर्यंत पोहोचतात. आम्ही गेलो तेव्हा नोव्हेंबरचा झाला होता, पुढचा यायचा होता. मी मुलांना म्हटलं, बोटं मोजा. २१ डिसेंबर हा आपल्याकडे सगळ्यात लहान दिवस. १० नोव्हेंबर त्याच्या आधी किती दिवस? एक्केचाळीस. आणि १ फेब्रुवारी त्याच्या नंतर किती दिवस? बेचाळीस. म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळतो, परत येताना साधारण त्याच जागी मावळतो. म्हणून उत्सव वर्षातून दोनदा. उत्तरायण-दक्षिणायन शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही.

मुलाने वहीत लिहिलं : "मध्ये कोणी उंच घर बांधलं तर?" शहाणाच आहे! किरणांच्या वाटेत येणाऱ्या बांधकामांचा विषय कोल्हापुरात खरोखरच निघत असतो.

बाहेर पडून मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावापेक्षा स्लाईस ब्रेड मिळतो, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. मुलं बरोबर असतील तर कट वेगळ्या वाटीत मागून घ्या. मैत्रिणीने घेतला नाही आणि पुढचा अर्धा तास पाणी पीत बसली.

खासबाग

देवळापासून भवानी मंडपातून चालत खासबाग मैदान. शाहू महाराजांनी युरोपच्या प्रवासात रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी कुस्तीसाठी हे मैदान बांधून घेतलं, १९१२ साली ते खुलं झालं. मधोमध लाल मातीचा हौद आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बसायची जागा. मी दोन्ही मुलांना सगळ्यात मागे जाऊन बसायला सांगितलं आणि खाली उभं राहून हात वर केला. "मावशी, तुझी बोटंपण मोजता येतात!" मागच्या माणसालाही पुढच्याइतकंच दिसलं पाहिजे, हा विचार करून बांधलेली जागा आहे ही. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसतो का, हे आपण कितीदा बघतो?

शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ सालचं, पूर्वीचं पॅलेस थिएटर. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते आगीत जळालं. माझ्या शाळेचं पहिलं स्नेहसंमेलन मी तिथे पाहिलं होतं. मुलांना फार काही सांगितलं नाही, सांगताना माझाच आवाज बदलला असता.

दुपारी घरी जेवण आणि झोप. हो, झोप! दोन दिवसांच्या सहलीत दुपारची विश्रांती बेतात लिहूनच ठेवा, नाहीतर संध्याकाळ चिडचिडीत जाते.

दसरा चौक : जिथे आम्ही अडकलो

चार वाजता दसरा चौक. पाहुणे हा चौक सहसा गाडीतून ओलांडतात. मध्ये शाहू महाराजांचा पुतळा, कडेला रहदारी, बघायचं काय? पण आपण शिक्षक असलो तर इथे उतरलंच पाहिजे. कारण या चौकाच्या आजूबाजूला बोर्डिंगं आहेत. गावाकडच्या मुलांनी शहरात शिकायचं तर राहायचं कुठे, खायचं काय, याचं उत्तर म्हणून महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून इथल्याच जैन बोर्डिंगमध्ये राहिले आणि पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. आपल्यापैकी कितीजण 'रयत'मध्ये शिकले असतील, मोजा.

इथूनच जाणाऱ्या भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल होतं. अस्पृश्य म्हणून ज्यांना पाण्याला हात लावल्याबद्दल मार खावा लागला, त्यांना महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायला सुरुवात केली. राजा पितो म्हटल्यावर बरोबरचे नाही कसं म्हणणार? मुलांना ही गोष्ट फार आवडली.

मग मी माझी आवडती गोष्ट सांगितली. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया, बरं का!

मुलगा थोडा वेळ गप्प होता. वही काढली, पेन्सिल तोंडात धरली. मग आईला म्हणाला, "आई, मग आपली शाळा बंद झाली तर दंड कुणाला?"

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मला काही माहीत नव्हतं. आदल्या रात्री तिने नुसतं "चाललंय" एवढंच सांगितलं होतं. आता तिथे चौकाच्या कडेला उभं राहून ती बोलली. पट नऊ आहे. वाडीतली तरुण माणसं मुंबईला गेली, लहान मुलं राहिलीत ती नऊ. वीसच्या आतल्या पटाच्या शाळांचं काय करायचं याच्या चर्चा ती तीन वर्षं ऐकतेय. दुसऱ्या शाळेत समायोजन होईल, तिची नोकरी जाणार नाही. पण मुलांना पुढच्या गावी जायचं तर मध्ये वहाळ आहे आणि पावसात त्याला पाणी असतं. "माझं होईल गं कुठेतरी. त्या दोन पहिलीच्या पोरी जायच्या नाहीत बघ. घरी बसतील." मुलगा हे सगळं घरात ऐकत असणार. आपल्याला वाटतं मुलं खेळतायत.

आम्ही दोघी डीएड्, मिळून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची नोकरी. दोघींकडेही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी त्याला म्हटलं, "लिहून ठेव. हा प्रश्न खोडू नकोस." शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्यात सक्ती कुणावर आहे हे मी डीएड् झालेल्या पोरांना तोंडपाठ सांगू शकते. पण चौथीतल्या मुलाला समोर बघून सांगता येईना.

टाऊन हॉलचं संग्रहालय त्या दिवशी राहूनच गेलं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटीशी ब्राँझ मूर्ती ही त्याची खूण. पंचगंगेच्या काठाचा रोमशी व्यापार होता, हे ती सांगते. तुम्ही जाल तेव्हा चुकवू नका. आम्ही मात्र रंकाळ्यावर जाऊन कट्ट्यावर बसलो, मुलांनी भेळ खाल्ली, आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. मुलाच्या ओठावर फेसाची मिशी आली आणि सगळ्यांना पुन्हा हसू फुटलं.

रविवार : काय वगळायचं?

रविवारी माझ्या बेतात न्यू पॅलेस होता. दरबार हॉल, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी, मुलांना आवडतंच. पण चौथीच्या इतिहासात पन्हाळा आहे. सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू, १६६०. मुलगा पुस्तक घेऊनच आला होता हो! मग न्यू पॅलेस वगळला. दोन दिवसांत दोन्ही नीट होत नाहीत, पन्हाळा वीसेक किलोमीटर असला तरी अर्धा दिवस घेतोच.

पन्हाळ्यावरही आम्ही तीनच जागा केल्या. अंबरखाना, तीन दरवाजा आणि बाजीप्रभूंचा पुतळा. अंबरखान्यात धान्य साठवत. वेढ्यात धान्य किती दिवस पुरेल, हे गणित मुलांना तिथेच उभं राहून सुचलं. पुस्तकात वेढा दोन ओळींत संपतो.

परतताना चप्पल लाईन. खरी कोल्हापुरी चप्पल खिळे न मारता चामड्याच्या वादीने शिवतात. दुकानदार मामांनी मुलाला उलटी करून दाखवली, "बघ की बाळ, खिळा सापडला तर चप्पल फुकट!" त्याने पाच मिनिटं शोधला. सापडला नाही. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. तीन वाजता एसटी सुटली.

येणाऱ्यांसाठी थोडक्यात

संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा रविवार-सोमवार असा बेत करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेच्या पाण्याची चौकशी करा, २०१९ आणि २०२१ चा पूर आम्ही विसरलेलो नाही. आणि आपल्या यादीतलं निम्मं खोडा. उरलेलं पुढच्या वेळी.

वर्गात काय केलं

सोमवारी मी माझ्या वर्गाला विचारलं, "आपल्याकडे पाहुणा दोन दिवस आला तर काय दाखवाल?" तेव्हा कळलं, निम्म्या मुलांनी न्यू पॅलेस आतून पाहिलेलाच नाही. शहर त्यांचं, पण दाखवायला कुणी नेलं नाही. आता दर महिन्याला एक जागा, चालत, वही घेऊन. परवानगीचे अर्ज भरतेय.

मैत्रिणीनेही हाच उपक्रम तिच्या नऊ मुलांना दिला आणि मला वह्यांचे फोटो पाठवले. नऊ मुलांची मिळून चौदा ठिकाणं! वहाळ, देवराई, आजीचा परसू, करवंदांची जाळी. सात जणांनी शाळाही लिहिलीय. पहिलीतल्या एकीने आईकडून लिहून घेतलंय, "शाळा. (चालू असेल तर.)"

ती वही मैत्रिणीने केंद्रप्रमुखांना दाखवायला नेली आहे. मुलाच्या प्रश्नाचं पान तिने तिलाच जोडलंय.

तुमच्या गावाचा दोन दिवसांचा बेत मुलांकडून करून घ्या आणि जरूर कळवा. प्रश्न मात्र खोडू देऊ नका.