गाळणीच्या पलीकडचं

जालना, मंगळवार

प्रिय ताई,

तपोवन एक्सप्रेसला खिडकी मिळाली. संभाजीनगर मागे पडलं की काळी रानं, मधूनमधून मोसंबीच्या बागा, आणि मग जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांची धुराडी. शहराला पैठणहून जायकवाडीचं पाणी येतं, शिवाय निजामाच्या काळचा घाणेवाडीचा तलाव आहेच. तरी 2013च्या उन्हाळ्यातल्या टँकरांच्या रांगा इथं कोणी विसरलेलं नाही.

माझ्या प्रशिक्षणवर्गात ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक आणि आरोग्यसेवक आहेत. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर विहिरी, हातपंप, टाक्या तपासायचं काम यांचं. त्यांच्या पाहणीत दिसलेल्या धोक्यानुसार गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. सकाळी चंचुपात्रांत गढूळ पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीची मात्रा बदलली. कमी पडली तर गढूळपणा राहतो, हे सगळ्यांना ठाऊक. जास्त झाली तरी गुठळ्या नीट धरत नाहीत, हे बघून मात्र मागच्या बाकांवरचेही उठून पुढे आले. मग आपल्या चांदोरीची गोष्ट सांगितली. इंजिनिअर कर्डिले साहेबांनी रामटेक, वरणगाव आणि चांदोरीच्या गाळण्यांत वाळूवर नारळाच्या करवंट्यांचा चुरा पसरला होता. चुरा वाळूपेक्षा हलका, म्हणून उलटं पाणी सोडून धुतला तरी परत वरच बसतो. बराचसा गाळ तोच अडवतो, त्यामुळे वाळू लवकर तुंबत नाही. परदेशी अँथ्रासाइट कोळशाचं काम करवंटीनं केलं! ही गोष्ट इंजिनिअरांच्या पुस्तकातच का राहिली, कोण जाणे.

घनसावंगी तालुका, गुरुवार

ताई,

आज आम्ही एका गावच्या विहिरीवर होतो. काठापासून हाकेच्या अंतरावर उकिरडा, पलीकडे शोषखड्डे. ड्रममध्ये वाळू-खडी भरून केलेल्या गाळणीतून पाणी काढलं. नितळ, चवीलाही बरं. एक जलसुरक्षक म्हणाले, "मॅडम, निवळलं की. आता हिरवं कार्ड द्यायला हरकत काय?"

मी काही बोलले नाही. नायट्रेटचा संच काढून गाळण्याआधीचं आणि नंतरचं पाणी शेजारी शेजारी तपासायला लावलं. दोन्ही नळ्या सारख्याच गडद गुलाबी. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची. रंग तिच्या बराच पुढे गेलेला. विरघळलेलं नायट्रेट वाळूत अडकत नाही, तुरटीनं बसत नाही, क्लोरिननं मरत नाही. उकळावं तर पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. तान्ह्या बाळाच्या दुधाला हे पाणी नको, एवढं तिथल्या बायकांना लगेच सांगितलं. बेसॉल्टच्या भेगांतून उकिरड्याचं पाणी न गाळताच खाली उतरतं. म्हणजे तपासणीची सुरुवात गाळणीपासून नाही, विहिरीच्या आजूबाजूनं चालण्यापासून करायची.

"मग आरओ बसवू," सरपंच म्हणाले. आरओ नायट्रेट काढतो, खरं आहे. पण काढलेले क्षार ज्या पाण्यात जातात ते पाणी सोडणार कुठे, हे विचारल्यावर सगळे त्याच शोषखड्ड्याकडे बघायला लागले. शिवाय आरओच्या जारमध्ये क्लोरिन उरत नाही. जार किंवा नळी अस्वच्छ असेल तर पाणी पुन्हा नासतं. मला विचारशील तर आधी उकिरडा हलवावा आणि दुसरा चांगला स्रोत शोधावा. उकिरडा हलवणं खर्चाचं नाही, पण भांडणाचं काम आहे.

उद्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. प्रत्येकानं आपल्या ग्रामपंचायतीतल्या पोत्यातली चिमूट पुडीत बांधून आणायची आहे. उघड्या पोत्यातला क्लोरिन उडून जातो, हे सांगून पटत नाही, म्हणून प्रत्येकाची पावडर त्याच्याकडूनच तपासून घेणार आहे. परवा निघेन. माझ्या कपाटातल्या, क्लोरिन तपासायच्या ओटी द्रावणाच्या बाटलीची तारीख तेवढी बघून ठेव.

तुझी,
सुमा