चांदबिबी महालाच्या वाटेवरचा काटा

नगरला खालांच्या घरी लग्न होते. वलीमा आटोपला आणि दुसऱ्या दिवशी घरभर पाहुणेच पाहुणे. मोठ्यांना झोप हवी होती, मुलांना धांगडधिंगा हवा होता. शेवटी खालूंनीच तोड काढली. म्हणाले, "पोरांना घेऊन चांदबिबी महाल बघून या. फजर झाली की निघा, ऊन चढायच्या आत परत या." आम्ही चौदा जण निघालो. त्यात सहा मुले, नवरीची धाकटी बहीण, आणि कोणी नको म्हणत असताना हट्टाने गाडीत बसलेले चाचा. चाचांचे वय अडुसष्ट, मधुमेह पंधरा वर्षांचा, आणि पायात नेहमीची चप्पल.

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या शहराच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर पाथर्डी रस्त्याच्या बाजूला शाह डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरची अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत लांबूनच दिसते. सारा मुलूख तिला चांदबिबी महाल म्हणतो. पण तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. मुर्तझा निजामशाहाच्या काळात त्याने कारभार पाहिला. वर कमानींचे मजले आणि खाली तळघरात कबरी, अशी तिची रचना. चांदबिबी ही हुसेन निजामशाहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशाहाची बेगम. 1595-96 मध्ये मोगल फौजेने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तिने तो लढवला. लोकांच्या मनात ती इतकी ठसली, की दुसऱ्याची कबरही तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

वरपर्यंत गाडीरस्ता आहे. पण मुलांना पायवाटच हवी होती. थोडी मंडळी गाडीने गेली, बाकीचे आम्ही चालत निघालो. चाचा आमच्याबरोबरच. उन्हाळा नुकताच लागला होता, गवत वाळून पिवळे पडले होते आणि अध्येमध्ये फड्या निवडुंगाची बेटे होती. फड्यांच्या कडेला लाल बोंडे लागलेली. नऊ वर्षांच्या आमच्या मुलाने एक बोंड मुठीत धरून तोडले आणि पुढच्याच क्षणी डोंगर डोक्यावर घेतला.

दिसतात ते काटे, दिसत नाहीत ती कुसळे

निवडुंग आपल्याकडे इतका रुळला आहे, की तो बाहेरचा आहे हे खरे वाटत नाही. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत त्याची लागवड होऊ लागली, ती त्यावर पोसणाऱ्या किड्यांपासून लाल रंग मिळवण्यासाठी. रंगाचा धंदा बसला, निवडुंग मात्र पसरला. शेते आणि कुरणे त्याने इतकी व्यापली, की 1926 मध्ये श्रीलंकेतून त्याच जातकुळीचा दुसरा किडा दक्षिण भारतात आणावा लागला. त्या किड्याने पुष्कळ निवडुंग खाऊन संपवला. जो उरला, तो आज माळांवर आणि किल्ल्यांवर दिसतो.

याच्या फडीवर ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यातून दोन प्रकारची हत्यारे बाहेर येतात. एक म्हणजे लांब, टणक काटे. ते दिसतात, म्हणून माणूस त्यांना टाळतो. दुसरी म्हणजे केसाहून बारीक कुसळे, झुबक्याझुबक्याने बसलेली. त्यांना उलटी दाती असते, त्यामुळे आत जाणे सोपे आणि बाहेर येणे अवघड. बोंडावर लांब काटे कमी असतात. म्हणून मुलांना ते निरुपद्रवी वाटते आणि ती फसतात. आमच्या मुलाच्या तळहातात अशी शेकडो कुसळे गेली होती.

त्याने हात पँटला पुसला. ही पहिली चूक. चोळल्याने कुसळे मोडतात, खोल जातात आणि कपड्याला लागून नव्या ठिकाणी रुततात. दुसरी चूक आम्हीच करणार होतो. कोणी म्हणाले, तोंडाने चोखून काढा. देवाची कृपा, की नवरीच्या बहिणीने अडवले. ती दवाखान्यात परिचारिका आहे. ती म्हणाली, "जिभेत कुसळ गेले तर काय कराल? आणि तोंडातले जंतू जखमेत जातील ते वेगळेच."

तिने काय केले

तिने मुलाला सावलीत बसवले. दुसऱ्या हाताने डोळे चोळायचे नाहीत, अशी ताकीद दिली. पर्समधून भुवया कोरायचा चिमटा काढला, साबणाने धुतला. आधी लांब काटे. काटा ज्या दिशेने आत गेला, त्याच रेषेत उलट सरळ ओढायचा; वाकडा ओढला तर आत मोडतो. मग कुसळांचे झुबके, कातडीला अगदी लागून धरून. मोबाइलचा उजेड तिरपा पाडला की कुसळे चमकतात आणि सापडतात, हेही तिनेच दाखवले. चाचांनी आपला चष्मा भिंगासारखा धरला आणि पोराला गोष्ट सांगत बसले. अर्ध्या तासात बरीच निघाली, सगळी नाही.

उरलेली घरी आल्यावर काढली. मुलांच्या दप्तरातला कागद चिकटवायचा पांढरा गोंद तिने तळहातावर पातळ लावला, त्यावर गॉजची पट्टी दाबली आणि पूर्ण वाळू दिली. अर्ध्या तासाने पट्टी एका कडेने सोलली, तेव्हा तिच्यावर कुसळांची लव उभी होती. आधी चिमटा आणि मग गोंद, या क्रमाने केले तर सर्वांत जास्त कुसळे निघतात. नुसती चिकटपट्टी तितकी कामाची नाही. क्षणात घट्ट होणारा प्लास्टिक जोडायचा गोंद तर कधीच वापरू नये. तो कातडीला चिकटतो आणि कुसळ आतच ठेवतो. चेहरा आणि डोळ्यांच्या आसपासही गोंदाचा प्रयोग करू नये.

शेवटी हात वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतला, पोविडोन आयोडीन लावले. "आता दोन-तीन दिवस लालसर पुरळ राहील, खाजेल, घाबरू नका," ती म्हणाली. तसेच झाले. चौथ्या दिवशी मुलगा हात विसरला होता.

काट्याने काटा, आणि बिब्बा

त्या दुपारी घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. दादी म्हणाल्या, काट्याने काटा काढावा. बाभळीचा काटा आणा. म्हण चांगली आहे, उपचार वाईट. बाभळीच्या काट्याला माती असते. दुसरे कोणी म्हणाले, बिब्बा तापवून चटका द्या. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि मूळची जखम कोणती हेच मग कळेनासे होते. गूळ-चुना, तंबाखू, शेण, राख यांतले काहीही उघड्या जखमेवर नको. हळद स्वयंपाकघरात गुणाची, पण डब्यातली हळद जंतुविरहित नसते; काट्याच्या बारीक भोकात ती दाबून भरली तर घाण आत कोंडते.

आणखी एक घोटाळा नावाचा. त्रिधारी निवडुंगालाही आपण निवडुंगच म्हणतो, पण त्याचे कूळ वेगळे. तो मोडला की पांढरा चीक येतो. हा चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर इजा करतो. अशा वेळी तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. काटा किंवा कुसळ डोळ्यात रुतले असेल तर मात्र ते स्वतः ओढू नये, डोळा चोळू नये. डोळ्यावर दाब न देता झाकण धरून दवाखाना गाठावा.

जो रडला नाही तो

आता खरी गोष्ट सांगतो. त्या दिवशी सगळे घर एका मुलाच्या हाताभोवती गोळा झाले होते. मुलगा रडत होता, म्हणून त्याच्याकडे सर्वांचे लक्ष होते. चाचा रडले नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. फडीचा एक लांब काटा त्यांच्या चप्पलच्या तळातून आरपार जाऊन अंगठ्याखाली मोडला होता. त्यांना तो कळलाच नाही. मधुमेहाने तळव्याची संवेदना कमी झाली होती. लग्नघरात औषधांच्या वेळा चुकल्या होत्या, आणि वलीम्याच्या जर्द्याला त्यांनी नाही म्हटले नव्हते.

तिसऱ्या दिवशी, आपल्या गावी परतल्यावर, चाचींना जानमाजवर डाग दिसला. पाय उलटा करून पाहिला तर अंगठ्याखाली काळे टिंब, भोवती सूज आणि घोट्यापर्यंत लाली. चाचा म्हणाले, "दुखत तर नाही, उद्या बघू." रात्री त्यांना थंडी वाजून ताप आला. चाचींनी सकाळची वाट पाहिली नाही. शेजाऱ्यांना उठवले आणि त्यांना रुग्णालयात नेले. साखर तीनशेच्या वर होती. डॉक्टरांनी जखम उघडून पू काढला, नखाएवढा काटा काढला. सहा दिवस रुग्णालय आणि दीड महिना ड्रेसिंग. अंगठा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टर चाचींना म्हणाले, "उद्यापर्यंत थांबला असता, तर अंगठ्याची खात्री मी दिली नसती."

हे कळले तेव्हा आम्हाला लाज वाटली. आम्ही चष्मा त्यांच्याकडूनच घेतला होता. पाय मात्र कोणी पाहिला नाही.

म्हणून काही गोष्टी आता आमच्या घरात ठरल्या आहेत. तुम्हीही ठरवाव्यात.

डोंगरावर मोठा-लहान कोणीही चप्पल घालून जाणार नाही. जाड तळाचे, बंद बूट आणि मोजे. मधुमेही माणूस परतला की त्याचे दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या दुसऱ्या कोणीतरी पाहायच्या, दुखत असो वा नसो. दुखत नाही, हीच त्यांच्या बाबतीत धोक्याची खूण. "शेकून घ्या" म्हणून त्यांचे पाय गरम पाण्यात बुडवायचे नाहीत. पाणी किती गरम आहे हे त्या पायांना कळत नाही आणि कातडी भाजते.

काटा वरवरचा असेल तर घरी काढावा. खोल मोडला असेल, सांध्यात किंवा सांध्याजवळ रुतला असेल, तर सुईने उकरत बसू नये. झाडाचा काटा एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत सापडू शकतो. म्हणून "एक्स-रे साफ आहे" एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

लाली पसरत चालली, जागा गरम झाली, ठणका वाढला, पू आला, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. काही वेळा काट्याबरोबर मातीतली बुरशी आत जाते आणि काही आठवड्यांनी न दुखणारी गाठ येते, मग तिच्या वर आणखी गाठी. तेव्हा डॉक्टरांना काटा लागल्याचे आठवणीने सांगावे.

धनुर्वाताच्या लशीचे टिपण ठेवावे. मुलांना ती 10 व्या आणि 16 व्या वर्षी मिळते, मोठी माणसे मात्र विसरतात. मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा घ्यावी.

आणि वुजूचा प्रश्न. चाचा ड्रेसिंग भिजवून वुजू करत आणि पट्टी ओली राही. शेवटी मशिदीतल्या इमामसाहेबांनीच त्यांना समजावले, की जखमेच्या पट्टीवरून मसह करायची सवलत आहे; सवलत नाकारण्यात मोठेपणा नाही.

आमच्या गाडीत आता एक डबा असतो. त्यात टोकदार चिमटा, छोटे भिंग, साबणाची वडी, पाण्याची बाटली, गॉज, पोविडोन आयोडीन, पांढरा गोंद आणि एक जुनी फणी. अंगाला फडीचा तुकडा चिकटला तर हाताने न ओढता फणीने उडवायचा.

या वर्षी आम्ही पुन्हा नगरला गेलो. चाचा या वेळी गाडीरस्त्यानेच वर आले, पायात मुलाने आणलेले बूट. कमानीत वारा इतका होता की बोललेले ऐकू येत नव्हते. खाली शहर धुरकट दिसत होते. उतरताना वाटेवर फडीचा एक तुकडा पडला होता. आमचा मुलगा थांबला. त्याने तो हाताने नाही, काठीने सरकवून झाडाच्या बुंध्याशी टाकला. वाटेतला काटा दूर करणे हाही सदका आहे, हे दादी त्याला नेहमी सांगतात. चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, आता माझे तळवे बघ."