अर्धं सूत

पुण्यातल्या एका पेठेत जिन्याखाली सायकलचं दुकान आहे. तिथल्या मिस्त्रींच्या खिशात पान्याआधी स्टीलची पट्टी असते. गिऱ्हाईक म्हणतं, "चेन ताणलीय, एक कडी काढून टाका." मिस्त्री मुकाट्याने पट्टी लावतात.

चेन ताणली जात नसते, आतून झिजते. प्रत्येक पिनेचं बसणं जरा सैल होतं आणि ती ढिलाई जोडागणिक साठत जाते. नव्या चेनच्या दोन पिनांत अर्धा इंच, म्हणजे २४ जोडांचा बरोबर एक फूट. तो फूट अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढला की चेन बदलायची. पूर्ण सूत वाढू दिला तर फ्रीव्हीलही गेलंच. अर्धं सूत २४ जोडांत वाटलं तर एका जोडाच्या वाट्याला ०.०७ मिलिमीटरसुद्धा येत नाही. वहीचा कागद याहून जाड! कडी काढली तर झोळ जाईल, हे वाढलेलं अंतर कसं जाणार?

लांबलेली चेन फ्रीव्हीलचे दात आपल्या मापाने खाते, ते आकडीसारखे वाकतात. मग नवी चेन त्यांच्यावर बसत नाही, चढावर जोर लावला की कड्कन उडते. गिऱ्हाईक शिव्या नव्या चेनला देतं. पुढच्या चेनव्हीलला ४४ दात, मागे १८. तेवढ्याच अंतरात मागचा दात जवळपास अडीच पट वेळा चेनखाली येतो. म्हणून चेनव्हील दोन-तीन फ्रीव्हीलं सहज पचवतं.

साध्या काळ्या सायकलचं मिस्त्रींना कौतुक आहे ते इथे. फ्रीव्हील आट्यांवर फिरवून काढायचं, दुसऱ्या कंपनीचं चढवायचं. कॉटर पीन झिजली तर हातोडीने ठोकून बाहेर. गिअरवाल्या सायकलींची चेनही अर्ध्या इंचाचीच, पण जितके गिअर जास्त तितकी ती अरुंद. आठ गिअरची चेन अकरावर चालत नाही. माप एक, तरी दहा डबे ठेवायचे, ही त्यांची कुरकुर. ती रास्तच आहे.

पावसाळ्यात मात्र सगळ्या सायकली सारख्याच. तेलात चिखलाची वाळू मिसळली की पॉलिश पेपरच तयार होतो. "तेल ओतू नका, आधी पुसा," ते सांगतात आणि जुन्या बनियनचा तुकडा पुढे करतात.

पट्टी अर्ध्या सुताच्या जरा आत थांबली होती. मिस्त्रींनी मागचं चाक थोडं मागे सरकवलं, नट आवळले आणि दिवाळीनंतर या म्हणाले.